उजवीकडून उघडणारी रजिस्टरं

हे मी लिहिणारच नव्हते. खरंच. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी मला तीनदा विचारलं, आपल्या शहरातल्या एखाद्या साध्या माणसावर लिही म्हणून, आणि तीनदा मी नाय म्हणाले. कारण डोक्यात माणूस एकच होता, आणि त्या माणसाला माझ्या टायपिंगमुळं नोटीस आली होती. ती पण नोकरीच्या शेवटच्या महिन्यात. मग त्याच माणसाचं कौतुक मी कोणत्या तोंडानं लिहू? पण आता लाजत बसले तर उशीर होईल, म्हणून लिहितेय. एका बैठकीत. मागं जाऊन वाचणार नाही, वाचलं की डिलीट करावंसं वाटतं.

त्यांचं नाव शफीक. जुन्या जमिनींचे कागद सांभाळणारं एक सरकारी ऑफिस आहे आपल्या शहरात, नाव नाही सांगत, तिथं ते एकतीस वर्षं रेकॉर्ड कीपर होते. सगळं ऑफिस त्यांना चाचा म्हणतं, साहेबलोकसुद्धा.

मी तिथं पोचले प्रोजेक्टमुळं. ‘शासकीय कार्यालयांत क्लाउड स्वीकारण्यातील अडथळे’ असा विषय. मी निवडला नव्हता, चिठ्ठी काढली तर हा आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, क्लाउड म्हणजे आपल्या फाइली आपल्या कॉम्प्युटरमधे न ठेवता लांबच्या मोठ्या सर्व्हरवर ठेवायच्या, मग त्या कुठूनही उघडता येतात. या ऑफिसनं निजामाच्या काळातली अकराशे शेहेचाळीस रजिस्टरं स्कॅन करून अशी वर चढवली होती. स्कॅनिंगचं काम चिकलठाण्याच्या एका एजन्सीनं केलं. काम झालं, फोटो काढून झाले, फक्त ‘मूळ कागद आणि स्कॅन तंतोतंत जुळतात’ या दाखल्यावर रेकॉर्ड कीपरची सही बाकी होती. आणि चाचा सही करत नव्हते. चार महिने.

अडथळे बाकी पण होतेच की. नेट फक्त सुलेखा मॅडमच्या केबिनमधे. मॅडम म्हणजे तिथल्या अधिकारी. आणि लॉगिनचा ओटीपी जायचा आधीच्या साहेबांच्या मोबाइलवर, ज्यांची बदली नांदेडला झालेली. नंबर बदलायचा अर्ज सात महिन्यांपासून मुंबईत. त्यामुळं मॅडम रोज सकाळी फोन लावायच्या, "सर, आला का?" मी गेले त्या दिवशी ते साहेब भाच्याच्या हळदीत होते. मागं बँड वाजतोय आणि मॅडम ओरडतायत, "सहा का नऊ सर? सहा का नऊ?" बरं, एवढं करून उघडलं की त्याची प्रिंट काढायची आणि फाइलला लावायची, कारण तपासणीला कागद लागतो.

पण मी प्रश्नावली घेऊन टेबलाटेबलावर फिरले तर सगळ्यांनी एकाच ठिकाणी टिक केली, ‘कर्मचाऱ्यांची मानसिकता’. रामकिसन मामा तिथले शिपाई, ते तर हसायलाच लागले. "अडथळा बघायचाय व्हय तुला? खाली बसलाय बघ रेकॉर्ड रूममधे. जाय, दर्शन घेऊन यं."

मी खाली गेले नाही. चारची गाडी होती घरी जायला, लासूरला. मी तिथंच बाकावर बसून बारा मिनिटांत अहवाल ठोकला. ‘मुख्य अडथळा: रेकॉर्ड कीपर. तंत्रज्ञानास विरोध. सही करण्यास टाळाटाळ.’ मॅडमनी कच्ची प्रत मागितली होती, पाठवून टाकली. गाडीत खिडकीची जागा मिळाली म्हणून लई खूश होते त्या दिवशी.

पुढच्या आठवड्यात कॉलेजातले सर म्हणाले, एक तरी मुलाखत पाहिजे, नाहीतर मार्क कापीन. तेव्हा गेले खाली.

आता ही खोली कशी सांगू. बाहेर एप्रिल महिना, डांबर वितळतंय, आणि आत गार. विहिरीत उतरल्यासारखं गार. छतापर्यंत लोखंडी रॅक आणि रॅकवर लाल कापडात बांधलेले गठ्ठे, शेकडो. गठ्ठ्याला रुमाल म्हणतात तिथं. वरच्या झरोक्यातून उन्हाची एक तिरपी पट्टी आत येते आणि तिच्यात धूळ इतकी हळू तरंगते की बघता बघता आपण पण हळू होतो. कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याचा वास, कसर लागू नये म्हणून कागदांत ठेवलेला. त्या उन्हाच्या पट्टीत स्टुलावर एक बारीक माणूस, पांढरी दाढी, जाड भिंग, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. एक रजिस्टर मांडीवर घेऊन बसलेला, झोपलेलं पोर घ्यावं तसं.

"चाचा, तुम्हाला क्लाउडची भीती वाटते का? एक ते पाच मधे सांगा."

"पाच म्हणजे जास्त का कमी?"

"जास्त."

"मग शून्य लिही. शून्य नाय का तुझ्याकडं?" भिंग खाली ठेवून हसले. "बेटा, या खोलीत दोन टाइम पाणी घुसलं. एकदा दीमक लागली, चाळीस रजिस्टरं चाळणी झाली, मी रडलो होतो. मला कशाची भीती? मी तर म्हणतो आजच चढवा, सगळं चढवा. माझं म्हणणं एवढंच. मी गेल्यावर मागणाऱ्याला त्याचा कागद सापडला पाहिजे. बस."

"मग सही का नाही करत?"

ते काही बोलायच्या आत दारात एक म्हातारे काका आले. डोक्याला उपरणं, हातात प्लास्टिकची पिशवी. "जयभीम चाचा. वर कॉम्प्युटरवर नाय म्हणतेत."

हे कडुबा काका. गंगापूर तालुक्यातले. नात रूपा नर्सिंगला लागणार होती, जात पडताळणीसाठी तिच्या पणजोबाच्या नावाची जुनी नोंद पाहिजे होती, आणि तारीख होती आठ दिवसांवर. वर स्क्रीनवर नोंद क्रमांक टाकला तर पान चौदा उघडलं, आणि पान चौदावर भलतंच गाव. मग छापून दिलं, ‘नोंद आढळली नाही’.

"पणजोबाचं नाव?"

"रखमा. रखमा वल्द सटवा." म्हणजे सटवाचा मुलगा रखमा.

चाचा उठले. रॅकच्या तिसऱ्या बोळात गेले, एक रुमाल काढला, गाठ सोडली. रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि पुठ्ठा उघडला, आणि मी बघतच राहिले. त्यांनी ते आपल्या उलट्या बाजूनं उघडलं. उजवीकडून.

"उर्दू आहे ना बेटा. उर्दू वही इकडून सुरू होते. एजन्सीवाल्यांनी डावीकडून पहिला पुठ्ठा धरला आणि फोटो मारत गेले. त्यांचं पहिलं पान म्हणजे माझं शेवटचं. चौदावं मागितलं की शेवटून चौदावं येतं. नोंद आहे. सापडत नाय, एवढंच."

चौदावं पान आलं. चाचांनी भिंग धरलं आणि वाचायला लागले, आधी उर्दूत, मग मराठीत, हळूहळू. सन तेराशे बेचाळीस फसली, म्हणजे निजामाचं महसुली साल, आपलं एकोणीसशे बत्तीस-तेहेतीस. रखमा वल्द सटवा. शेत एक. उत्तरेला वाहता नाला. पूर्वेला दोन आंबे, एक शेंदरी, एक खोबऱ्या. दक्षिणेला गणूची विहीर, पाणी गोड. पश्चिमेला पायवाट, देवळाकडं जाणारी.

ते वाचत होते आणि मला शपथेवर दिसत होतं सगळं. तो नाला. आंब्याखालची सावली. पायवाटेवरनं कोणीतरी पितळी चरवी घेऊन चाललंय. नव्वद वर्षांपूर्वी कोण्या मुन्शीनं उन्हात उभं राहून विहिरीचं पाणी चाखलं असणार, तरच ‘गोड’ लिहिलं ना! कडुबा काका डोळे मिटून ऐकत होते. वाचून झाल्यावर पण ते उठले नाहीत.

"अजून एकडाव वाचा चाचा," ते म्हणाले. "तेवढं आंब्याचं."

चाचांनी आंब्याचं परत वाचलं. मग नकलेचा अर्ज भरून दिला. आणि मला, हळू आवाजात, "मी सही केली की ही रजिस्टरं सील होणार. गोदामात जाणार. मग स्क्रीनवर आहे तेच खरं. आता सांग, करू सही?"

मी म्हटलं, मग सगळी पानं उलट्या क्रमानं लावून टाकायची, एका बटणाचं काम आहे. बीसीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे ना मी, हुशारी दाखवायची होती. चाचांनी मला शेजारच्या रुमालातली दोन रजिस्टरं उघडून दाखवली. एक मराठी कारकुनाचं, डावीकडून. आणि दुसरं, हे मला अजून स्वप्नात येतं, दोन्हीकडून. कागद वाचवायला उर्दूचा मुन्शी इकडून लिहीत आला आणि मराठीचा कारकून तिकडून, आणि मधे एका पानावर दोघं भेटले. एका ओळीचं अंतर सोडून. म्हणजे प्रत्येक रजिस्टर उघडून, वाचून ठरवायला लागतं, कुठून कुठं. मॅडमना चाचांनी दोनदा सांगितलं होतं, तोंडी. लेखी द्या म्हणाल्या. चाचांची मराठी बोलायची फर्स्टक्लास, पण लिहायची म्हटलं की हात थांबतो. ते एकटेच एक एक रजिस्टर तपासत बसले होते, दिवसाला चार-पाच.

मी रोज जायला लागले. का, ते मला पण सांगता येत नाही. प्रोजेक्ट संपला होता. चाचा वाचायचे, मी टाइप करायचे, रजिस्टर नंबर, गाव, उजवं का डावं. दुपारी दोन-तीनला ऊन खाली सरकायचं आणि चाचांचा आवाज पण खाली यायचा, आणि मी टाइप करता करता कुठल्या कुठं जायचे, अशा गावांत जी आता धरणाखाली आहेत, अशा झाडांखाली जी कधीच तुटली. ते मुन्शी घाईत लिहायचे, उर्दूत ज्यांच्यावरून अक्षर ओळखायचं ते ठिपकेच गाळायचे. चाचा म्हणायचे, "ते पण तुझ्यासारखेच. ठिपके द्यायला टाइम नाय."

आणि मग एका सकाळी ते पाकीट आलं.

चाचांनी कागद माझ्यापुढं ठेवला. "कारणे दाखवा नोटीस आहे. तीन दिवसांत खुलासा द्यायचा. तू फास्ट आहेस, टाइप करून दे."

मी वाचायला लागले. ‘महाविद्यालयीन सर्वेक्षण अहवालातही आपण तंत्रज्ञानास विरोध करीत असल्याचे व सही करण्यास टाळाटाळ करीत असल्याचे नमूद आहे.’ माझं वाक्य. जसंच्या तसं. बाकावर बसून बारा मिनिटांत लिहिलेलं. मॅडमनी वर पाठवलं होतं आणि वरून ते नोटीस बनून खाली आलं होतं. रिटायर व्हायला सव्वीस दिवस राहिलेल्या माणसाला.

"चाचा, हे मी लिहिलंय."

"मालूम आहे."

"कसं?"

"‘टाळाटाळ’ आमच्या ऑफिसात कोणी लिहीत नाय. आम्ही ‘हेतुपुरस्सर विलंब’ लिहितो."

मला रडू फुटलं. "मग मला हाकललं का नाही?"

"हाकललं असतं तर खुलासा कोण टाइप करणार? रामकिसन? त्याचं एका बोटानं ‘महोदय’ होईस्तोवर मी रिटायर होतो." रामकिसन मामा दारातून ओरडले, "ऐकू येतंय बरं का मला!" मी रडता रडता हसले. पण मग चाचा म्हणाले, "एक गोष्ट होती बेटा. तू आधी खाली यायला पाहिजे होतं. वीस पायऱ्या आहेत फक्त."

त्या वीस पायऱ्या मला अजून टोचतात.

खुलासा आम्ही दोघांनी मिळून लिहिला, दोन पानं, एकही जड शब्द नाही. कोणती रजिस्टरं कोणत्या बाजूनं उघडतात, त्यामुळं कुणाची नोंद सापडत नाही, आणि रखमा वल्द सटवाचं उदाहरण. खाली मी वेगळं लिहून दिलं की सर्वेक्षणातलं ते वाक्य मी या माणसाला न भेटता लिहिलं होतं, ते चुकीचं आहे. सही केली. प्रोजेक्टचे मार्क गेले तर गेले.

तिसऱ्या दिवशी सुलेखा मॅडम स्वतः खाली आल्या. चाचांनी त्यांच्यापुढं एक रजिस्टर ठेवलं, "उघडा मॅडम." मॅडमनी सवयीनं डावीकडून उघडलं. मॅडमनी पान उलटलं, परत उलटलं, मग स्वतःच रजिस्टर पालथं करून दुसरा पुठ्ठा उघडला. तिथं वर मोठ्या अक्षरात गावाचं नाव होतं. त्यांनी त्याच्यावर हात ठेवला.

"चाचा, काम पूर्ण झालं म्हणून मी वर कळवून बसलेय. आता चुकलं म्हटलं तर पहिला प्रश्न मलाच, तेव्हा तपासलं का नाही?"

"तेच तर मी पण विचारतोय मॅडम," चाचा म्हणाले. इतक्या गोड आवाजात की मॅडमना रागावता पण येईना.

शेवटी मार्ग निघाला, सरकारी मार्ग, अर्धा. एजन्सीचा करार संपलेला, परत स्कॅन करायचं तर नवीन टेंडर, नवीन मंजुरी. ते होत नाही. पण यादी जोडता येते. जी रजिस्टरं तपासून यादीत आली, त्यांचा क्रम क्लाउडवर सुधारणार. डिसेंबरअखेरपर्यंत यादी घेणार. त्यानंतर रुमाल गोदामात, आणि राहिलेली रजिस्टरं जशी आहेत तशी, उलटी, कायमची. नोटीस मागं घेतली. चाचांनी एकतीस मेला सही केली, शाल-नारळाच्या आधी, सगळ्यांसमोर, आणि सहीच्या वर स्वतःच्या हातानं शेरा लिहिला: ‘तीनशे बारा तपासली. बाकीची तपासली नाहीत.’ हात थांबला नाही. मी बघत होते.

रूपाला नक्कल वेळेत मिळाली. ती आता नर्सिंगला आहे.

आणि रिटायर माणसाला रेकॉर्ड रूममधे जाता येत नाही. मला वाटलं संपलं. पण गंमत बघा, ज्या क्लाउडला चाचा विरोध करतात म्हणून मी लिहिलं होतं, त्याच क्लाउडवर ती सगळी रजिस्टरं आता लोकांना बघायला खुली आहेत, नुसतं बघायला ओटीपी पण लागत नाही. मी जूनमधे लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेले. गुलमंडीहून आत, कापडाच्या दुकानांच्या गल्लीत, जिना चढून वरची खोली. पहिलं पान स्क्रीनवर आलं तसं चाचांनी हात पुढं केला आणि काचेला बोट लावलं, कागद चाचपून बघतात तसं. "अरे," म्हणाले, "हे तर माझ्या घरी आलं." जैतुनबी चाची स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "एकतीस साल तिकडं होती, आता इकडं पण आली का सवत?"

तेव्हापासून रोज दुपारी हेच. खिडकीला हिरवा पडदा, खोलीत हिरवा उजेड, खालून कापड फाडल्याचा आवाज येतो, आणि चाचा वाचतात. नाले, बांध, चिंचा, बोरी. कधी कधी वाटतं आम्ही दोघं कुठल्यातरी जुन्या मराठवाड्यात बैलगाडीनं चाललोय आणि गाडी हाकणारा एक एक शेत दाखवतोय. मी यादी बनवते, मॅडमना पाठवते. त्या ती ‘नागरिकांच्या सूचना’ म्हणून दाखल करून घेतात, दुसरा रकाना नाही म्हणून.

पाचशे चाळीस झालीत. सहाशे सहा राहिलीत.

आणि काल चाचा वाचता वाचता अडखळले. मला म्हणाले, "बेटा, इथं ठिपका आहे का?" मी बघितलं, मोठा ठळक ठिपका होता. मग पुढच्या ओळीत परत. मी स्क्रीन मोठी केली, अजून मोठी केली. शेवटी चाचींनी सांगितलं, काचबिंदू आहे, डाव्याचं गेलंच आहे, उजव्याचं डॉक्टर म्हणाले जेवढे महिने मिळतील तेवढे. चाचांनी मला सांगितलं नव्हतं. मी घाबरून अजून फास्ट टाइप करीन आणि चुका करीन म्हणून, म्हणे.

मी रात्रभर हिशोब करत होते, दिवस किती, रजिस्टरं किती. नाही बसत. आम्हा दोघांनी नाही होत. मला उर्दू येत नाही, आत्ता कुठं अलिफ-बे शिकतेय, आणि ती घाईतली जुनी अक्षरं तर ज्यांना छापील उर्दू येतं त्यांना पण आधी दिसत नाहीत. चाचा शिकवतात. पंधरा दिवसांत डोळा बसतो म्हणतात.

म्हणून हे लिहिलं. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी उर्दू वाचतात, आजोबा, अम्मी, शेजारचे मास्तर. हारिस, लुबना, तुम्ही तर माझ्याच वर्गात आहात, तुम्हाला नाव घेऊनच सांगते. ज्यांना उर्दू येत नाही त्यांनी टाइप करायला या. रोज दुपारी तीन ते पाच, शुक्रवार सोडून. गल्ली सापडली नाही तर मला फोन करा, मी खाली येऊन घेऊन जाईन. चाची चहा देतात, नको म्हटलं तरी देतात. परीक्षा झाल्यावर जाऊ, दिवाळीनंतर जाऊ, असं नका करू. शफीक चाचांना या आठवड्यातच भेटून या.